कंबरदुखीचा वर्ग

फळ्यासमोर पाच-सहा तास उभे राहणाऱ्यांना कंबरदुखीची ओळख करून द्यायला नको. ती तीन महिन्यांहून अधिक टिकली की तिला जुनाट म्हणतात आणि क्ष-किरण चित्रात बहुधा तिचे नेमके कारण सापडत नाही. अशा दुखण्यावर औषधे सुचवणारे पुष्कळ. वर्ग भरवणारे थोडे. जेनिफर क्लेबर मॉफेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये असा वर्ग भरवला. १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला त्यांचा लेख बारकाईने वाचण्याजोगा आहे.

प्रयोगात १८ ते ६० वर्षांचे १८७ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ८९ जणांना चार आठवड्यांत तासाभराचे आठ वर्ग मिळाले; उरलेले ९८ जण आपापल्या डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारावर राहिले. वर्ग फिजिओथेरपिस्टने घ्यायचा, पण साधने विशेष काही नाहीत. ताण देणे, हलक्या हालचाली, स्नायूंना बळकटी. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यामागची भूमिका. दुखू लागले की थांबा, हा सल्ला इथे मुद्दाम बाजूला ठेवला होता. स्वतःला अपंग समजू नका, पाठीचा कणा वापरण्यासाठीच आहे, हे शिकवले जाई. कुणाला कोणता उपचार हवा, हेही आधीच विचारून ठेवले होते. वर्ग हवाच होता अशांना अधिक गुण आला का, हे त्यामुळे तपासता आले. तसे काही दिसले नाही. ही दक्षता फार थोडे संशोधक घेतात.

आता निष्कर्षांकडे. नित्याच्या कामांत किती अडचण येते, हे चोवीस विधानांच्या प्रश्नावलीने मोजले. सहा आठवड्यांनी फरक किरकोळ होता. सहा महिन्यांनी व वर्षानंतर वर्गातले लोक पुढे होते, परंतु सरासरी फरक चोवीसात दीड गुणाहूनही कमी! वर्षभरात वर्गातल्यांचे कामाचे ३७८ दिवस बुडाले, इतरांचे ६०७. आकडे डोळ्यांत भरतात. मात्र गट सारखे नाहीत. भागाकार केला तर माणशी साधारण सव्वाचार आणि सव्वासहा दिवस येतात. शिवाय अशा बेरजेत दीर्घ रजेवरची दोन-चार माणसेही पारडे फिरवू शकतात. आणखी एक गोष्ट. या रुग्णांचे दुखणे चार आठवडे ते सहा महिने जुने होते. दहा वर्षे कंबर धरून बसलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. गुण कशाने आला? व्यायामाने, समजुतीच्या शब्दांनी, की आपल्यासारख्याच दुखणाईतांच्या संगतीने? एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचा उपचार, अशा मांडणीतून हे कळणे शक्य नाही. तोच व्यायाम, तोच सल्ला एकेकट्याला देणारा तिसरा गट हवा होता.

सारा लॅम्ब यांच्या चमूने २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये ७०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सर्वांना सल्ला दिला आणि एका गटाला त्याशिवाय सहा सामूहिक बैठका. या बैठकांत भर होता तो दुखण्याविषयीची भीती व समजुती बदलण्यावर. त्याच प्रश्नावलीवर वर्षअखेर सुधारणा २.४ गुणांची, नुसत्या सल्ल्याने १.१. फरक पुन्हा तेवढाच, आणि तिसरा गट याही वेळी नाही.

२०१७ साली मेरी ओ’कीफ व सहकाऱ्यांनी सामूहिक आणि वैयक्तिक व्यायामोपचारांची थेट तुलना करणारे प्रयोग एकत्र तपासले. रुग्णाला जाणवेल असा फरक त्यांना आढळला नाही. म्हणजे संगतीची वेगळी जादू दिसत नाही. पण एका फिजिओथेरपिस्टने एका तासात आठ-दहा जणांना शिकवले तरी कुणाचे नुकसानही होत नाही. त्या आढाव्यात मात्र कंबरेखेरीज इतर सांध्यांची व स्नायूंची दुखणीही होती.