उपभोग व वर्गजाणीव, एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीतील

उपभोग व वर्गजाणीव, एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीतील : अन्न, वस्त्र, अलंकार, घर, व्यसन इ. उपभोगाच्या बाबींतून पात्राची सामाजिक पायरी सूचित करण्याची कादंबरीकारांची रीत व तिच्या मर्यादा. यूरोपीय कादंबरीत ही रीत एकोणिसाव्या शतकात पूर्णत्वास पोहोचली. डिकिन्झच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्समधील (१८६१) पिप नवे कपडे शिवून घेतो, तेव्हाच लोहाराच्या घराशी असलेले त्याचे नाते उसवू लागते. झोलाने तर एका भव्य कापडदुकानालाच कादंबरीचा विषय केले (१८८३). मराठीत या रीतीचा प्रवेश उशिरा झाला व तो एका विशिष्ट वर्गाच्या घरापुरताच राहिला.

प्रारंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत उपभोगाचे वर्णन विपुल आहे. पण त्याला वर्ग नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) यांतील वैभव संस्कृत कथापरंपरेतून आलेले आहे. ते कोणी मिळविले, कोणाच्या श्रमांवर मिळविले, हा प्रश्न तेथे संभवतच नाही. याउलट बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत विधवांच्या स्थितीचे निरूपण असल्यामुळे उपभोगाची दुसरी बाजू, म्हणजे सक्तीचा त्याग, प्रथमच दिसते. आलवण, एकभुक्त राहणे, बांगड्या व कुंकू यांचा अभाव ही विधवेची लक्षणे वस्तूंच्या भाषेतच सांगितली जात. एखाद्या स्त्रीने काय नेसावे व काय खावे हे जात व कुटुंब यांनी ठरवावे, ही गोष्ट वर्गजाणिवेच्या अभ्यासात सहसा विसरली जाते.

इंग्रजी अमलातील नोकरपेशा वर्ग कादंबरीत आला, तेव्हा वस्तूंना किंमत आली. विनायक कोंडदेव ओक यांच्या शिरस्तेदार (१८८१) या कादंबरीचा विषय सरकारी कचेरीतील लाचलुचपत हा आहे. पगार आणि राहणी यांत जे अंतर पडते ते कोठून भरून निघते, हा तिच्यातील खरा प्रश्न होय. कलादृष्ट्या ही कृती सामान्य असली, तरी मिळकत व खर्च यांचा मेळ घालून पाहण्याची तिची दृष्टी पुढच्या पुष्कळ सरस कादंबऱ्यांत आढळत नाही.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची मधली स्थिती ही १८८५ मध्ये पुणेवैभव पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. या नावाचा अर्थ ‘मध्यमवर्ग’ असा करण्याचा मोह आजच्या वाचकास होतो. परंतु लेखकास अभिप्रेत आहे ती जुने सुटले व नवे अंगी मुरले नाही अशी संक्रमणावस्था. मद्यपानादी व्यसनांना सुधारणेचे चिन्ह समजणारे सुशिक्षित येथे उपहासाचे लक्ष्य झाले आहेत. तथापि हे संक्रमण ज्यांच्या वाट्यास आले तो पुण्यातील पांढरपेशा समाजच होता. त्यामुळे मोहाने सुचणारा अर्थही अगदीच चुकीचा ठरत नाही. पण लक्षात कोण घेतो! (पुस्तकरूपाने १८९३) या कादंबरीत आपट्यांचे निरीक्षण अधिक सूक्ष्म झाले. मुंबईतील संसाराचे यमूचे सुख मोठ्या वैभवाचे नाही. वाचन, मोकळा संवाद आणि स्वतःचे असे लहानसे घर एवढेच ते आहे. पुढे तिचे केशवपन होते, तेव्हा हिरावले जाते तेही एवढेच. श्रीमंती आणि सुख यांत आपट्यांनी केलेला हा भेद मराठी कादंबरीच्या प्रौढत्वाची खूण मानावी लागेल.

मात्र या कादंबरीने वस्त्र ल्यालेला माणूस पाहिला, ते विणणारा पाहिला नाही. याची साक्ष सोलापूर देते. १८६० मध्ये रेल्वे आल्यावर या गावाचा कापडव्यापार वाढला. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी (पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून प्रसिद्ध) १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या जोडीला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग होतेच. सोलापुरी लुगडी महाराष्ट्रभर नेसली जात. असे असूनही त्या शतकातील कोणत्याही नामवंत मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी सोलापूरचा माग वा गिरणी आली नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांनी एलिझाबेथ गॅस्केलला नॉर्थ अँड साउथ (१८५५) लिहावयास लावले; सोलापुरास अशी लेखिका लाभली नाही. कादंबरीचे लेखक व वाचक पुण्या-मुंबईचे होते, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण भाषेचे आहे. विणकराच्या घरी तेलुगू, लिंगायत व्यापाऱ्याच्या पेढीवर कन्नड आणि कचेरीत मराठी अशा त्रिभाषिक गावातले जीवन मराठी गद्याच्या कक्षेत सहजासहजी येणारे नव्हते.

१८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना जबर झळ लागली त्यांत सोलापूर होते. धान्य महागले की गिऱ्हाईक प्रथम टाळते ते नवे लुगडे. म्हणून विणकराच्या घरी शेत नसतानाही दुष्काळ येतो. ही साखळी दाखविणारी कादंबरी लिहिली गेली नाही. दुष्काळाचे चित्रण झाले ते शेतकऱ्याच्या बाजूने, आणि तेही प्रथम सत्यशोधक लेखकाकडून. कृष्णराव भालेकर यांची बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ ही १८८८ मध्ये दीनमित्र मासिकातून येऊ लागली. मराठीतील ग्रामीण कादंबरीचा आरंभ तिच्यापासून धरला जातो. वाङ्‌मयेतिहासकारांनी तिची दखल फार उशिरा घ्यावी, ही गोष्ट वर्गीय रुचीविषयी बरेच काही सांगते. आपटे यांची ‘काळ तर मोठा कठीण आला!’ ही दुष्काळकथा मात्र तत्काळ गाजली. तिचे इंग्रजी रूप रामजी या नावाने १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. पांढरपेशा घराबाहेर पाऊल टाकणारी ही कथा सहानुभूतीने ओथंबलेली आहे. तीत उपभोग उरतो तो भाकरीपुरता, आणि वर्ग म्हणजे भाकरी असणे वा नसणे. परंतु खेड्यातील हे दैन्य नैसर्गिक आपत्तीच्या रूपाने येते. सावकार, सारा व बाजार यांचा जो उलगडा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूडमध्ये (१८८३) केला होता, त्याची धार तीत नाही.

गिरणीकामगार मराठी कादंबरीत ठसठशीतपणे आला तो भा. वि. वरेरकर यांच्या धावता धोटामध्ये (१९३३), आणि तोही मुंबईचा.