कानावर पडलेली प्रार्थना

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘कानावर पडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकायला आपण जातो. तिकीट काढतो, मांडी ठोकून बसतो. कानावर पडते ते न बोलावता येते: शेजारच्या देवळातली काकडआरती, पहाटेची अजान, रविवारची चर्चची घंटा. अनेक धर्मांचे लोक एकाच गल्लीत राहतात तेव्हा त्यांचा एकमेकांशी होणारा बराचसा परिचय असा कानावर पडूनच होतो. संगीताची समीक्षा मात्र बहुधा ऐकण्याबद्दल लिहिते. कानावर पडण्याचा विचार करायला भाग पाडणारे एक ख्रिस्ती गीत आपल्याकडे होते, तेही थेट राजधानीत.

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होते. सैन्यदलांची बँडपथके वाजवत येतात, मावळतीला बिगूल वाजतो, ध्वज उतरतात, रायसीना टेकडीवरच्या इमारतींवर दिवे लागतात. या सोहळ्याच्या शेवटाकडे कित्येक दशके ‘अबाइड विथ मी’ची धून वाजत असे. गांधीजींच्या आवडीचे गीत म्हणून ते प्रसिद्ध, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पुण्यतिथी. वाजवणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असत. ही चर्चमधली प्रार्थना आहे हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसेल. ते लष्कराचे बँड ऐकायला आलेले असत. प्रार्थना त्यांच्या कानावर पडे.

तिथे शब्द नसत, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चाल साधी आहे. ग ग रे सा अशी ती षड्जावर उतरते आणि तिथून एकदम पंचमावर जाते. पुढे बहुतेक शेजारच्या सुरांवरूनच चालते. कवायतीच्या गाण्यांना पावले उचलायला लावणारा ठेका असतो, या चालीत तो नाही. ती संथ वाजे आणि दूर ठेवलेल्या नळीच्या घंटा तिला उत्तर देत. दिवस संपला, एवढेच ती सांगे. तेवढे समजायला कुणाला कुठला धर्मग्रंथ वाचलेला असण्याची गरज नव्हती.

शब्द ज्यांना माहीत आहेत त्यांना या प्रसंगात आणखी एक गंमत दिसेल. हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे हे गीत १८४७ चे. तो आजारी होता आणि त्याच वर्षी वारला. आज सर्वत्र वाजते ती चाल विल्यम हेन्री मंक याने १८६१ मध्ये बांधली. गीताच्या मुळाशी लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसच्या वाटेची कथा आहे. दोन वाटसरूंना एक अनोळखी माणूस भेटतो. संध्याकाळ होते, आणि ते दोघे त्याला आपल्याकडे मुक्कामाला राहण्याचा आग्रह करतात. तो कोण, हे त्यांना भाकरी मोडण्याच्या क्षणापर्यंत कळत नाही. म्हणजे ज्याला ओळखले नाही त्याला केलेला आग्रह, हे या प्रार्थनेचे बीज आहे. धून न ओळखता तिच्यापाशी थबकणारी विजय चौकातली गर्दी त्या दोन वाटसरूंहून फार वेगळी नव्हती.

२०२२ मध्ये हे गीत कार्यक्रमातून वगळले गेले आणि ‘ए मेरे वतन के लोगो’ घेतले गेले. मग जो वाद झाला तो मालकीचा होता. एका बाजूचे म्हणणे, हे वसाहतीचे अवशेष. दुसरी बाजू म्हणाली, हे गांधीजींचे आवडते, ते काढणे हा त्यांचा आणि अल्पसंख्याकांचा अवमान. ते गीत वाजताना काय घडत होते, याची चर्चा फारशी झाली नाही.

कवी प्रदीप यांचे गीत थोर आहे यात वाद नाही. १९६२ च्या युद्धातल्या शोकाला त्याने शब्द दिले. पण त्याचे काम वेगळे आहे. ते श्रोत्यांना थेट हाक मारते आणि एका गोष्टीची आठवण ठेवायला सांगते. नुसती वाद्ये वाजली तरी बहुतेकांच्या मनात त्याचे शब्द उमटतात. ते ऐकण्याचे गीत आहे. ‘अबाइड विथ मी’ श्रोत्याला काहीच सांगत नव्हते. देशभक्तीसुद्धा मागत नव्हते. शासकीय सोहळ्यात अशी चार मिनिटे सहसा सापडत नाहीत. गमावली ती ही मिनिटे.

मालकीच मोजायची तर हिशेब जुळणारही नाही. नव्या निवडलेल्या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे. ‘अलबेला’च्या दिवसांत त्यांच्या हाताशी चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रंपेटवादक होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या अनेक गोवेकर वादकांचे पहिले सूरज्ञान चर्चच्या शाळांतले होते. ज्यांनी चर्चची पायरी कधी चढली नाही त्यांच्याही कानांवर ते शिक्षण हिंदी गाण्यांतून रोज पडत आले आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तर बोलण्यातच शिरली. मोठ्या आवाजाच्या माणसाला तिचे नाव मिळाले.

यात भाबडेपणा नको. वसईच्या घंटा लूट म्हणून आल्या, आणि इंग्रजी प्रार्थना पलटणींबरोबर. सूर गोड आहेत म्हणून त्यांचा इतिहास धुऊन निघत नाही. शिवाय कानावर पडणारे सगळेच सुखाचे नसते. दुसऱ्याच्या दारापाशी मुद्दाम वाढवलेला ध्वनिवर्धकही कानावरच पडतो. तेव्हा फरक करायला एक साधी कसोटी हवी. जो आवाज आपल्याकडून जयजयकार मागतो, किंवा निदान आपली हार मागतो, तो दमदाटी करतो. ज्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेले तरी काही बिघडत नाही, त्याच्याबरोबर राहता येते. विजय चौकातली ती धून या दुसऱ्या प्रकारची होती. तिला कुणी टाळ्या दिल्या नाहीत तरी ती संपे, आणि बिगूल वाजे.

कार्यक्रम बदलतात, बदलावेतही. पण सार्वजनिक संगीताची यादी करणाऱ्यांनी हे गीत कुणाचे, एवढेच विचारून थांबू नये. ते वाजते तेव्हा, ज्याचे ते नाही तो माणूस काय करतो, हेही पाहावे.