वॉटर्लूची सहा मिलिमीटरची सेना

पटावरील युद्धक्रीडेकरिता ओतलेल्या धातूच्या सैनिकांस खेळणी म्हणून बाजूस सारण्याची संशोधकांची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. ता. १८ जून १८१५ च्या वॉटर्लूच्या रणाचे ६ मिलिमीटर उंचीचे जे पुतळे आमच्यापुढे आहेत, त्यांची परीक्षा पुराव्याच्याच कसोटीने झाली पाहिजे.

भूमीचे प्रमाण मीटरास एक मिलिमीटर धरू. ६०० ब्रिटिश शिपायांची पलटण दोन रांगांत उभी राहिली म्हणजे सुमारे १६५ मीटर रुंदी व्यापी. पटावर तेवढ्या जागेत २८ मिलिमीटरचे पुतळे जेमतेम १६ मावतात; ६ मिलिमीटरचे सुमारे ८०. पलटणीची लांब, बारीक रेघ दिसते ती या दुसऱ्यांतच.

खोलीचा हिशेब मात्र येथेही चुकतो. मार्कोन्ये याच्या फ्रेंच डिव्हिजनच्या ८ पलटणी एकीमागे एक, प्रत्येकी तीन रांगांनी, चालून आल्या. पटावर हा जमाव वास्तवाहून बराच खोल होतो. कारण पुतळाच मुळी भूमीच्या प्रमाणाच्या तिपटीहून मोठा. गोळा किती रांगा भेदून गेला, हे यावरून ठरवू पाहणारा फसेल.

बंदुका जाड आहेत, हा दोष आम्ही मानीत नाही. खऱ्या प्रमाणात नळी केसाएवढी होईल व हात लागताच मोडेल. परंतु प्रशियाच्या नियमित पलटणी व लांडवेर एकाच साच्यातून काढून केवळ रंगाने भेद दाखविला आहे, हे क्षम्य नव्हे. लांडवेरची टोपी निराळी होती, आणि एवढ्याशा आकृतीतही ती ओळखू येण्याजोगी आहे.