पहिल्या पानावरचा समाज

शिक्षणशास्त्रातला कोणताही मराठी प्रबंध उघडा. शिक्षण ही आयुष्यभर चालणारी प्रक्रिया आहे, येथून प्रस्तावना सुरू होते. मग गांधीजी, विवेकानंद, फ्रोबेल यांच्या व्याख्या, मग कोठारी आयोग, आणि पाच-सहा पानांनंतर कुठे 'गरज व महत्त्व'. विषय मुस्लिम मुलींच्या शिक्षणाचा असेल तर आणखी एक वाक्य ठरलेले असते: हा समाज अज्ञान आणि रूढींमुळे मागे राहिला. त्याला पुरावा नाही, तळटीप नाही. ज्याचा शोध घ्यायचा ते उत्तर पहिल्याच पानावर! पुढची प्रश्नावलीही मग त्याच मापाने बेतली जाते.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची चाल मांडली. आधी क्षेत्र सांगायचे, मग त्यातली रिकामी जागा दाखवायची, मग ती आपण कशी भरणार ते सांगायचे. आपला मुक्काम पहिल्या पायरीवरच पडतो. रिकामी जागा दाखवायची तर आधीचे काम वाचावे लागते ना!

वाचले तर काय दिसते? शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशांत जातात, असे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवले. २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के, म्हणजे सरासरीहून कमी होती. महाराष्ट्रात मात्र ती ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ पेक्षा जास्त. तेव्हा इथला प्रश्न अक्षरओळखीपेक्षा पुढची शाळा कुठे आणि का सुटते, हा आहे. देशाचा आकडा राज्याला चिकटवला की तो उमटतच नाही.

आता मंद्रूप घ्या. दक्षिण सोलापूर तालुक्यातले, विजापूर रस्त्यावरचे, कर्नाटकच्या सीमेजवळचे गाव. घरात दखनी, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, अशी कसरत करणारी मुलगी या पट्ट्यात नवलाची नाही. तिच्यावरचा प्रबंध तिच्या भाषांपासून का सुरू होऊ नये? प्रस्तावनेत तिचा नुसता 'मुस्लिम समाज' होतो. मार्गदर्शकाला ओळखीचा साचा हवा, विद्यार्थ्याला पदवी हवी, हे समजू शकते. पण आपले संशोधकही तेच वाक्य उतरवतात, हे अधिक खुपते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिले. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालच्या खेड्यांपुरता आहे, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. व्याख्या नाही, सुभाषित नाही. मग लगेच शाळांची हकिकत, आणि मागण्या. हे निवेदन एम.एड.च्या वर्गात वाचून दाखवायला एक तास पुरेल.