नवरीचा रंग, संगणकाचा ढंग

लग्नाच्या व्हिडिओत सावळी नवरी दुधात बुडवून काढल्यासारखी गोरी का दिसते? ह्यात हात एडिटरचा. पण हत्यार कोणतं?

प्रीमियरमधलं ल्युमेट्री (जन्म २०१५) म्हणजे मिसळणाचा डबा. सगळं हाताशी, पण आधी मोहरी की आधी हळद, हा क्रम कंपनीनं ठरवलेला! फायनल कटवाल्यांनी २०११ साली रंगचक्रं काढून घेतली आणि २०१७ साली परत दिली, सुनेचे दागिने द्यावेत तशी. आता तिथंही बरं चाललंय.

दा व्हिन्ची रिझॉल्व्ह मात्र मुळात रंगासाठीच जन्मलेलं. कापाकापी ते मागाहून शिकलं. इथं एकेका फेरफाराला स्वतंत्र नोड. उजेड वाढवला, एक नोड. नुसत्या कातडीचा रंग बदलला, दुसरा. क्रम आपला. आम्हां बँकवाल्यांना हे फार पटतं : प्रत्येक नोंदीला वेगळं व्हाउचर! आणि हे फुकटच्या आवृत्तीतसुद्धा, म्हणजे आम्हांला दुप्पट पटतं.

नवरीला गोरं करायची सोय काय, तिन्हींत आहे. पण रिझॉल्व्हमध्ये त्या नोडला चक्क ‘गोरेपणा’ असं नाव देता येतं. तो बंद करा. मूळची मुलगी दिसते, आणि मला विचाराल तर तीच जास्त छान दिसते.