एकट्या मास्तरांचा चमत्कार

आमिर खान दिग्दर्शित ‘तारे जमीन पर’ने २००७ मध्ये वाचता न येणाऱ्या मुलाची वेदना घराघरांत नेली, हे मान्यच. पण तेथे कलाशिक्षक निकुंभ एकटाच सारे करतो : अडचण ओळखतो, पालकांना समजावतो, मुख्याध्यापकांकडून सवलत मिळवतो, अक्षरेही शिकवतो. शाळेतला समाजकार्यकर्ता आणि बाहेरचा उपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलण्याचा प्रश्नच उरत नाही.

आमच्या वस्तीतल्या मुलाला निकुंभ भेटत नाही. ‘ढ’ हा शिक्का भेटतो. तो मीही सोसला आहे. समजा, असा मुलगा सरकारी रुग्णालयात समुपदेशनाला गेला आणि गप्पच बसला. वर्गात त्याला जातीवरून हिणवले जाते, हे शाळेतून कळले नाही, तर उपचारतज्ज्ञ त्याच्याच मनात दोष शोधत राहणार. उलट, उपचाराचे कागद शिक्षकांच्या खोलीत फिरले, तर जातीच्या शिक्क्यावर दुसरा शिक्का! म्हणून माहिती आईबापांच्या संमतीने, गरजेपुरतीच, पण दोन्ही बाजूंनी गेली पाहिजे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली. तो कायदा वस्तीपर्यंत आणणारा माणूस आपल्या शाळेत आहे काय? पुढच्या पालकसभेत हे विचारलेच पाहिजे.