वेष्टनावरचे नाव

हैदराबादेत आबिड्सच्या पदपथावर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. वकिलीच्या पेशाने आम्हांस जुने कागद चाळण्याची खोड लावली आहे, आणि तीच आम्हांस तेथे घेऊन जाते. अशाच एका रविवारी पुस्तकांच्या ढिगाखालून एक ध्वनिमुद्रिका निघाली. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची, १९६६ सालची ‘रिव्हॉल्व्हर’. तबकडीवर ओरखडे होते, पण वेष्टन शाबूत होते. त्याच्या पाठीमागे गीतांच्या यादीत एके ठिकाणी तबलावादकाचे नाव छापलेले दिसले: अनिल भागवत. मराठी घरात हे आडनाव कोणास अपरिचित आहे? आम्ही ती मुद्रिका घेतली ती त्या नावासाठी.

बीटल्सनी लोकप्रिय संगीतात क्रांती केली, हे विधान आता घासून गुळगुळीत झाले आहे. त्यांचे केस, त्यांचे वेष आणि त्यांना पाहून बेभान होणाऱ्या तरुणी यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आमच्या मते त्यांनी घडवून आणलेला खरा बदल कर्तृत्वाचा आहे. त्यांच्यापूर्वी गीत लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, अशी बाजाराची सर्वसाधारण रीत होती, आणि काय मुद्रित व्हावे हे ठरवणारी कंपनी या तिघांहून वेगळी होती. लिव्हरपूलच्या या चार तरुणांच्या पहिल्या दीर्घ मुद्रिकेत (१९६३) चौदांपैकी आठ गीते लेनन व मॅकार्टनी यांची होती. १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये तेराही त्यांचीच होती. जो गातो त्यानेच रचावे, ही गोष्ट पुढील वाद्यवृंदांना स्वाभाविक वाटू लागली.

दुसरा बदल ध्वनिमुद्रणशाळेतला. पहिल्या मुद्रिकेतील दहा गीते ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली होती. १९६६ च्या ऑगस्टअखेर त्यांनी जाहीर दौरे थांबवले आणि पुढल्या ‘सार्जंट पेपर’ या मुद्रिकेसाठी सुमारे पाच महिने खर्ची घातले. मुद्रण ही मैफलीची नक्कल न राहता स्वतंत्र निर्मिती झाली. या निर्मितीत आमची वाद्येही शिरली. हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईस येऊन येथील वादकांना घेऊन मुद्रण केले, आणि त्यातील वाद्यसंगीतावर बीटल्सचे एक गीत उभे राहिले.

आता घरच्या अंगणाकडे वळू. मराठी प्रतिभा व गोमंतकीय वाद्यकौशल्य यांचा संगम मुंबईच्या चित्रपटसंगीतात बीटल्सच्या पुष्कळ आधी झाला होता. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. त्यांच्या ‘अलबेला’तील (१९५१) पाश्चात्य ढंगामागे चिक चॉकलेट ऊर्फ आंतोनियो झेवियर वाझ यांचा ट्रम्पेट होता. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यमेळाची स्वरलेखी बांधणी सेबॅस्टियन डिसोझा करीत. अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. या मंडळींची नावे किती घरांत ठाऊक होती? ‘महल’मधील (१९४९) सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर तर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले. जेथे गायिकेची ही गत, तेथे तिसऱ्या ओळीत बसलेल्या व्हायोलिनवादकाने कोणाकडे दाद मागावी? कोकणी गीतात मात्र क्रिस पेरी स्वतः लिहीत, चाल बांधीत, आपला वाद्यवृंद उभा करीत, आणि लोर्ना यांच्या नावाशेजारी त्यांचेही नाव गोमंतकीय घरांत घेतले जाई. ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते.

पण बीटल्सची बाजू निर्मळ आहे असे म्हणता येणार नाही. १९६६ च्या वेष्टनावर भागवतांचे नाव आले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये दिलरुबा, तंबोरा व तबला वाजवणाऱ्या वादकांची नावे आली नाहीत. शिवाय नाव आणि हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लेनन-मॅकार्टनी यांच्या गीतांचे हक्क ज्या प्रकाशनसंस्थेकडे होते, ती १९६९ मध्ये परक्या हाती गेली. ज्यांनी कर्तृत्व मिळवले, त्यांनीच मालकी गमावली.

आमच्याकडे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विरुद्ध करार नसल्यास चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता होय. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या कंठास कायद्याचे संरक्षण नाही, याबद्दल खेद व्यक्त केला. १९९४ मध्ये कलावंताचे हक्क कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाट्यास बळकटी आली, आणि सादरकर्त्यास आपले नाव नमूद करवून घेण्याचा हक्कही मिळाला. मात्र वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे भाग पडत असेल तर गाळता येते, अशी पळवाट त्याच कलमात आहे.

नावे फार, जागा थोडी, असा बचाव कोणी करील. आम्हांस तो पटत नाही. न्यायालयाच्या रोजनाम्यात केवळ तारीख मागण्यास उभ्या राहिलेल्या वकिलाचेही नाव लिहिले जाते. तेवढे सौजन्य तबलजीच्या वाट्यास का येऊ नये?

ती ओरखडलेली तबकडी आमच्या कपाटात आहे. तिचे वेष्टन आम्ही उलटे, पाठीची बाजू पुढे करून ठेवले आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या मराठी-कोकणी तबकडया आहेत आणि त्यांवर कोण वाजवीत होते हे वडीलधाऱ्यांना आठवते, त्यांनी ती नावे आजच लिहून ठेवावीत. आठवणीला मुदतीचा कायदा लागू आहे, आणि ती मुदत वाढवून मिळत नाही.